ताप गेल्यावर उठलेलं पुरळ

तीन-चार वर्षांचं पोर. दोन दिवस ताप, थोडी सर्दी, एखाद-दोनदा पातळ शी. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर पुन्हा घरभर पळायला लागतं आणि ते आजारपण सगळे विसरूनही जातात. आठ-दहा दिवसांनी तोंड धुताना आईच्या हाताला पोराच्या दोन्ही गालांवर काहीतरी खरखरीत लागतं. उजेडात नेऊन पाहिलं तर मोहरीएवढ्या गुलाबी-तपकिरी पुळ्या, दोन्ही बाजूंना सारख्याच. पुढच्या दोन-तीन दिवसांत तशाच पुळ्या कोपरांच्या मागच्या बाजूला, गुडघ्यांवर, मांड्यांच्या बाहेरच्या अंगाला आणि ढुंगणावर दिसू लागतात. पोट आणि पाठ मात्र स्वच्छ. पोराला ताप नाही, ते जेवतंय, खेळतंय, फारसं खाजवतही नाही. घाबरलेली असतात ती मोठी माणसं.

मग चौकशी सुरू होते आणि ती बहुतेक घरांत एकाच दिशेने जाते. काल काय खाल्लं? अंडं दिलं होतं का? साबण बदलला का? डास चावले असतील का? आजी म्हणते, "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे." कुणी दूध बंद करतं, कुणी वांगं. संध्याकाळी बाबा मेडिकलच्या दुकानातून एक ट्यूब घेऊन येतात. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न बहुधा राहून जातो: गेल्या तीन आठवड्यांत पोर आजारी पडलं होतं का?

चेहऱ्यावर अचानक उठलेल्या पुळ्यांचं कोडं सुटायचं असेल तर ते बऱ्याचदा याच प्रश्नाने सुटतं. आपली नजर कालच्या ताटावर असते आणि उत्तर मागच्या पंधरवड्यात असतं.

वर वर्णन केलेल्या पुरळाला वैद्यकशास्त्रात जानोत्ती-क्रोस्ती सिंड्रोम म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी दुखणं निरुपद्रवी आहे. बहुतेक रुग्ण एक ते सहा वर्षांच्या वयातले असतात. पुळ्या एक ते दहा मिलिमीटरच्या असतात आणि, खूण म्हणून लक्षात ठेवावं असं, एका पोराच्या अंगावरच्या सगळ्या पुळ्या एकसारख्या असतात. कांजिण्यांत एकाच वेळी नुसता लाल ठिपका, पाण्याने भरलेला फोड आणि वाळलेली खपली असं सगळं शेजारी शेजारी दिसतं. इथे तसं नसतं. खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च गालाला जवळजवळ टेकवून आडवा धरला तर हे फार स्पष्ट दिसतं. प्रत्येक पुळीची सावली पडते, माथा टोकदार नसून चपटा असल्याचं कळतं, आणि मधे पू किंवा खळगा नसतो. अंगठ्याने कातडी थोडी ताणली तरी पुळी तिथेच राहते, कारण ती कातडीवर आलेली नसते, कातडीच्या आत जमलेल्या पेशींनी वर उचललेली असते.

मिलानमधले त्वचारोगतज्ज्ञ फर्दिनान्दो जानोत्ती यांनी 1955 साली या पुरळाचं पहिलं वर्णन केलं. पुढे त्यांचे ज्येष्ठ सहकारी अगोस्तिनो क्रोस्ती यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. जानोत्तींच्या काही रुग्णांच्या यकृताला सूज होती, पण कावीळ दिसत नव्हती. हे दोन धागे एकत्र का येतात याचा उलगडा व्हायला काही वर्षं जावी लागली. अमेरिकेतले बारूक ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. त्याची माहिती 1965 साली प्रसिद्ध झाली आणि ते प्रथिन हेपटायटिस बी या विषाणूचं असल्याचं नंतर सिद्ध झालं. त्या शोधासाठी ब्लुमबर्ग यांना 1976 साली नोबेल मिळालं. 1970च्या सुमारास तेच प्रथिन इटलीतल्या या पुरळवाल्या मुलांच्या रक्तात आढळलं, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गाठ मारली गेली: गालावर आणि हातापायांवर असं पुरळ म्हणजे हेपटायटिस बी.

ती गाठ नंतर सैल करावी लागली, आणि मला या सगळ्या हकिकतीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दुसऱ्या देशांतल्या डॉक्टरांना हुबेहूब असंच पुरळ आलेली मुलं भेटत होती, पण त्यांच्या रक्तात हेपटायटिस बीचा मागमूस नव्हता. कुणाला एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग होऊन गेला होता, कुणाला पोटात किंवा घशात राहणाऱ्या एंटेरोव्हायरसचा, कुणाला साध्या सर्दीच्या एखाद्या विषाणूचा. काहींना तर आजार झालाच नव्हता, फक्त लस टोचली होती. काही काळ असं मानलं गेलं की हेपटायटिसचं पुरळ वेगळं आणि बाकीच्या विषाणूंचं वेगळं. मिलानमध्येच 308 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 1992 साली निष्कर्ष आला की कातडीकडे बघून विषाणू ओळखता येत नाही. पुरळ सारखंच. फरक असलाच तर तो ज्यांच्या अंगावर ते उठलं त्या मुलामुलांतला.

यावर थोडं थांबून विचार करावा. एकमेकांशी नातं नसलेले दहा-बारा विषाणू एकच नक्षी काढतात, याचा अर्थ नक्षी विषाणूची नाही. ती शरीराची आहे. पुळीचा बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कातडीच्या वरच्या थरातल्या रक्तवाहिन्यांभोवती आपल्याच रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींची गर्दी दिसते. संसर्गाशी लढायला तयार झालेल्या पेशी तिथे जमल्या, त्यांच्यामुळे जागा सुजली आणि ती सूज आपल्याला पुळी म्हणून दिसली.

ही समजूत जानोत्तींच्याही आधीची आहे. 1890च्या दशकात घटसर्पावर घोड्याच्या रक्तातून काढलेला सीरम देण्याची सोय झाली आणि गळा आवळून मरणारी मुलं वाचू लागली. पण वाचलेल्या काही मुलांना आठ ते बारा दिवसांनी भलताच त्रास व्हायचा: ताप, सांधेदुखी, गाठी आणि अंगभर पुरळ. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी अशा मुलांच्या तारखा काटेकोरपणे टिपल्या. त्यांना दिसलं की सीरम पहिल्यांदा टोचला तर पुरळ यायला आठ-बारा दिवस लागतात, पण त्याच मुलाला काही काळाने पुन्हा टोचला तर ते फार लवकर येतं, कधी त्याच दिवशी. सीरम तोच, घोडा तोच. बदललं होतं ते मूल. पहिल्या खेपेला त्याच्या शरीराला तयारी करायला दिवस लागले होते, दुसऱ्या खेपेला तयारी आधीच झालेली होती. 1905 साली त्यांनी यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. गोवर, देवी अशा रोगांमध्ये संसर्ग आणि पुरळ यांच्यात जो ठरावीक अवधी जातो, तोही शरीराच्या या तयारीचाच काळ असावा, असा विचार पिर्के यांनी मांडला.

ऐंशी वर्षांनी या विचाराला अगदी उघड पुरावा मिळाला. लंडनमध्ये यव्होन कोसार्ट आणि त्यांचे सहकारी 1975 साली रक्ताचे नमुने हेपटायटिस बीसाठी तपासत होते. बी नावाच्या संचातल्या एकोणिसाव्या नमुन्यात त्यांना एक नवा विषाणू दिसला. त्याला पार्व्होव्हायरस बी-19 असं नाव पडलं आणि काही वर्षं त्याच्यामुळे नेमकं काय होतं हेच ठाऊक नव्हतं. मग कळलं की लहान मुलांचे दोन्ही गाल थप्पड बसल्यासारखे लालबुंद होतात तो आजार याचाच. 1985 साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरोगी प्रौढ स्वयंसेवकांच्या नाकात हा विषाणू सोडण्यात आला होता. आठवड्याभराने त्यांच्या रक्तात विषाणूची रेलचेल झाली, ताप आला, अंग दुखलं. पुरळ नव्हतं. ताप गेला, माणसं बरी झाली. आणि साधारण अडीच आठवड्यांनी, रक्तातला विषाणू ओसरून प्रतिपिंडं तयार झाल्यावर, पुरळ उठलं आणि सांधे दुखू लागले.

म्हणजे या आजारात गाल लाल होतात तोवर मूल इतरांना संसर्ग देण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. शाळा नेमकी तेव्हाच त्याला घरी पाठवते. पुरळ येण्याच्या आठवडाभर आधी, जेव्हा ते नुसतं शिंकत होतं आणि कुणाला काही शंका नव्हती, तेव्हा त्याने वर्गात विषाणू वाटलेला असतो. या विषाणूचं एक गांभीर्य मात्र विदर्भ आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं, कारण तिथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. बी-19 काही दिवस तांबड्या पेशींची निर्मिती थांबवतो. धडधाकट मुलाला त्याची जाणीवही होत नाही, पण सिकलसेलच्या मुलाचं रक्त झपाट्याने उतरतं. असं मूल तापानंतर पांढरंफटक आणि मलूल दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासायला हवं.

आता गोवर. आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणत, गोवर पूर्ण बाहेर पडू द्यावा, आत राहिला तर वाईट. त्यासाठी मुलाला गुंडाळून ठेवत, अंघोळ बंद करत, कडुलिंबाचा पाला अंथरत. गुंडाळण्याने किंवा पाल्याने गोवर बाहेर येत नाही, हे खरं. पण त्यामागच्या निरीक्षणाला मी हसणार नाही. गोवराचं पुरळ उठतं ते टी लिम्फोसाइट पेशी विषाणू शिरलेल्या पेशींवर चालून जातात म्हणून. ज्या मुलांमध्ये या पेशी दुबळ्या असतात, उदाहरणार्थ रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेली मुलं, त्यांना गोवर झाला तरी कधी कधी पुरळ येतच नाही आणि विषाणू फुप्फुसांत थैमान घालतो. पुरळ न आलेला गोवर अधिक जीवघेणा ठरतो, हे डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यात नोंदवलं. घरोघरी मुलं दगावताना पाहिलेल्या बायकांना पुरळ आणि जीव वाचणं यांचं काही नातं आहे, हे बहुधा आधीच दिसलं होतं. कारण त्यांनी उष्णतेचं सांगितलं, कारण त्यांच्याजवळ तेच होतं.

पाऊस थांबल्यावरही पागोळ्या बराच वेळ गळत राहतात, तसं हे तापानंतरचं पुरळ. मात्र हे चेहऱ्यावरच्या प्रत्येक पुळीला लागू पडत नाही. काही पुळ्यांमध्ये जंतू स्वतः हजर असतो, आणि तिथे नुसती वाट बघून चालत नाही.

सर्वांत ओळखीची म्हणजे तापानंतर ओठाच्या कडेला येणारी बारीक फोडांची झुंबड. आधी चुरचुर होते, मग पाण्याने भरलेले फोड येतात, ते फुटतात, खपली धरते. लोक म्हणतात ताप ओठातून बाहेर पडला. करतो हे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू. तो बहुतेकांना लहानपणी कुणाच्या तरी लाडाच्या मुक्यातून मिळतो, आणि मग चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, कवटीच्या आत, कानाच्या पुढच्या बाजूला आयुष्यभर मुक्काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांतल्या जवळपास दोघांच्या अंगात हा आहे. ताप, कडक ऊन, जागरण यांनी तो जागा होतो आणि तंतूच्या वाटेने ओठाकडे उतरतो. एरवी हे आठ-दहा दिवसांत आपोआप बरं होतं. पण जुनाट एक्झिमाच्या मुलाच्या गालांवर हाच विषाणू पसरला तर गोलसर, छिन्नीने कोरल्यासारख्या जखमा होतात, ताप चढतो आणि ती तातडीची वेळ असते. डोळ्याजवळ आला तर नजरेला धोका.

सर्दीनंतर नाकाखाली आणि ओठाभोवती मधाच्या रंगाची ओलसर खपली धरली तर ते स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचं काम. वाहतं नाक पुसून पुसून सोललेल्या कातडीत ते घर करतात. हे टॉवेलमधून घरातल्या सगळ्यांना लागतं आणि अँटिबायोटिक मलमाने लवकर बरं होतं. मोत्यासारखी चमकदार पुळी आणि तिच्या मधोमध बारीक खळगा असेल तर ते मोलस्कम. त्याचा विषाणू देवीच्या विषाणूचा दूरचा नातलग आहे. संसर्ग झाल्यापासून पुळी दिसेपर्यंत दोन आठवडे ते सहा महिने जातात, म्हणून मधे होऊन गेलेल्या सर्दीतापाशी त्याचा संबंध निव्वळ योगायोगाचा असतो. पालकांना मात्र तो घट्ट वाटतो.

भारतात याहून वेगळी, गंभीर गोष्टही आहे आणि ती इथे सांगायलाच हवी, जरी तिच्या आधीचा आजार किरकोळ नसतो. बिहार, झारखंड, बंगालमध्ये काळा आजार, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा दीर्घ ताप, पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारत आला. कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्यावर युरिया स्टिबामाइन हे औषध शोधलं आणि असंख्य जीव वाचवले. त्यांच्याच लक्षात आलं की बरे झालेल्या काही रुग्णांच्या तोंडावर काही काळाने फिकट डाग आणि गाठी येतात. 1922 साली त्यांनी त्याचं वर्णन केलं. हनुवटी, ओठांच्या कडा, नाक, गाल इथे गुळगुळीत गाठी. दुखत नाहीत, खाजत नाहीत, माणूस धडधाकट असतो. पण त्या गाठींच्या आत परोपजीवी जिवंत असतात आणि वाळूमाशीने तिथे चावा घेतला तर ती रोग पुढे नेऊ शकते. त्या भागातून कामासाठी मुंबई-पुण्याला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अशा गाठी दिसल्या तर पूर्वी काळा आजार झाला होता का, हे विचारल्याशिवाय निदान होत नाही. आपल्याकडे अशा चेहऱ्याला पहिल्यांदा कुष्ठरोगाची शंका येते, आणि तीही तपासावीच लागते, कारण तो आजार महाराष्ट्रातून गेलेला नाही. म्हणजे इथेही प्रश्न तोच, फक्त तीन आठवड्यांऐवजी काही वर्षं मागे जाऊन विचारायचा.

पुन्हा मुलांकडे येऊ. तापानंतरच्या पुरळात आणखी एक घोटाळा अँटिबायोटिकचा होतो. घसा सुजलेल्या मुलाला अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं, आठवड्याने अंगभर लाल पुरळ उठलं, आणि फाइलवर लिहिलं गेलं की पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी. घसा एपस्टाइन-बार विषाणूने सुजलेला असेल तर या गटातल्या औषधाबरोबर असं पुरळ उठतं, हे 1960च्या दशकापासून माहीत आहे. त्यातल्या बहुतेकांना त्या औषधाची कायमची अ‍ॅलर्जी नसते. पण शिक्का बसतो तो बसतोच, आणि पुढे न्यूमोनियासाठी साधं, स्वस्त, परिणामकारक औषध द्यायची वेळ येते तेव्हा डॉक्टर दुसरं, महागडं शोधतात. अशी शंका फाइलवर असेल तर पुरळ कसं होतं, औषध सुरू झाल्यावर कितव्या दिवशी आलं, श्वास लागला होता का, हे तपशील जवळ ठेवून नंतर अ‍ॅलर्जीच्या जाणकाराकडून ती खरी की खोटी हे ठरवून घ्यावं.

आणि ती ट्यूब. मला या सगळ्यात सर्वांत जास्त चीड येते ती तिची. मेडिकलमधून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये एक ताकदवान स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक अँटिबायोटिक असं एकत्र कोंबलेलं असतं. कुठल्याही पुरळावर लावलं तरी दोन दिवसांत लाली कमी होते, म्हणून घरात तिची ख्याती होते. पुरळ जिवाणूचं किंवा बुरशीचं असेल तर ते दबलेल्या सुजेआड पसरतं. पुरळ जानोत्ती-क्रोस्तीसारखं आपोआप जाणारं असेल तर श्रेय ट्यूबला जातं, आणि मग पुढच्या प्रत्येक पुळीला, ताईच्या तारुण्यपीटिकांना, आईच्या वांगाला तीच लावली जाते. चेहऱ्याची कातडी पातळ असते. काही आठवड्यांत ती आणखी पातळ, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, तोंडाभोवती नव्या पुळ्या उठतात. थांबवावी तर चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावावी लागते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे इतक्या चेहऱ्यांवर पाहिलं की त्यांनी या अवस्थेला स्वतंत्र निदान म्हणून नाव दिलं आणि सरकारकडे पाठपुरावा केला. 2018 साली केंद्र सरकारने कातडीवर लावायची 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. काउंटरवर मात्र अजूनही "पुरळाची ट्यूब द्या" एवढं म्हटलं तरी पुरतं.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. फार खाज सुटलेल्या मुलाला डॉक्टर सौम्य प्रकारचं थोडे दिवस देतातही. पण ते कशावर लावायचं हे ठरल्यानंतर.

मग घरी काय करायचं? पहिल्या दिवशी दिवसाउजेडात फोटो काढावा, आणि तीन-चार दिवसांनी त्याच उजेडात दुसरा. कागदावर चार तारखा लिहाव्यात: ताप कधी आला, कधी गेला, कोणतं औषध किंवा लस कधी दिली, पुरळ कधी आणि कुठून सुरू झालं. डॉक्टरांपुढे हा कागद ठेवला की पाच मिनिटांत निदानाच्या निम्म्या वाटा बंद होतात. खाणं बंद करू नये. दूध, अंडी, डाळ सगळं चालू ठेवावं. नुकत्या आजारातून उठलेल्या मुलाला त्याची गरजच असते. अंघोळ रोज, साधा साबण, खाज असेल तर कॅलामाइन. हळद, लिंबू, टूथपेस्ट यांनी कोवळी कातडी भाजते.

जानोत्ती-क्रोस्तीला जायला दोन ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. पालकांना हे आधी सांगितलेलं बरं असतं. नाहीतर दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर बदलतात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि सहाव्या आठवड्यात ज्याच्याकडे जातील त्याच्या हाताला गुण येतो. आपल्या सावळ्या कातडीवर पुळ्या बसल्यानंतर तपकिरी डाग आणखी काही आठवडे राहतात. ते व्रण नसतात आणि त्यांच्यावर काही लावायची गरज नसते.

वाट बघायची नाही अशा खुणाही ठाऊक हव्यात. काचेचा स्वच्छ पेला लाल ठिपक्यांवर दाबून धरावा. काचेतून बघताना ठिपके पुसट झाले तर रक्त वाहिन्यांच्या आतच आहे. जसेच्या तसे दिसत राहिले तर ते कातडीत झिरपलेलं आहे, आणि मुलाला ताप असेल तर डेंगी किंवा मेंदूच्या आवरणाचा जिवाणूजन्य ताप असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट बघू नये, थेट दवाखान्यात न्यावं. पाच दिवसांहून जास्त टिकलेला ताप, लाल डोळे, फुटलेले लालभडक ओठ आणि सुजलेले पंजे एकत्र दिसले तर कावासाकी आजाराची शंका घ्यावी लागते. तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करतो आणि उपचार दहा दिवसांच्या आत सुरू झाले तर बहुतेक मुलांचं हृदय वाचतं. श्वास लागणं, ओठ-डोळे सुजणं, तोंडात किंवा डोळ्यांत फोड येणं, कातडी सोलणं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला फोड आणि ताप, डोळे किंवा लघवी पिवळी दिसणं, यांतलं काहीही असेल तर ते तापानंतरचं साधं पुरळ समजू नये.

पिवळेपणाचा, म्हणजेच यकृताचा, उल्लेख जानोत्तींच्या पहिल्या रुग्णांकडे नेतो. आज असं पुरळ आलेल्या प्रत्येक मुलाचं यकृत तपासायची गरज नसते. इटलीने 1991 साली हेपटायटिस बीची लस सक्तीची केल्यावर त्या कारणाने होणारं पुरळ तिथे दुर्मीळ झालं. भारतात ही लस 2011 पासून देशभरातल्या सरकारी लसीकरणात आहे, पहिली मात्रा जन्मल्यावर 24 तासांच्या आत. ज्या मुलाची ही लस राहिली असेल, किंवा ज्याच्या आईला हेपटायटिस बी असेल, त्याला असं पुरळ आलं तर रक्त जरूर तपासावं. आणि लस टोचल्यानंतर पुरळ आलं म्हणून पुढच्या लसी थांबवायच्या का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. नाही. पुळ्या बसतात, पुन्हा येण्याचं प्रमाण फार थोडं आहे, आणि वेळापत्रकातली पुढची लस ठरल्या तारखेला देता येते.